गिअर हार्ड पडतोय? शॉर्ट शिफ्टर घ्यायच्या आधी खालचे बुश बघा

माझ्या गाडीचा दुसरा गिअर सकाळी नीट पडायचाच नाही. म्हणजे पडायचा, पण दांडी मागे ओढताना मध्येच काहीतरी आडवं आल्यासारखं वाटायचं, आणि गाडी दहा-पंधरा मिनिटं चालली की आपोआप ठीक. वरून न्यूट्रलमध्ये दांडी इतकी डुलायची की तिसरा टाकायला जावं तर पाचवा पडायचा. शॉर्ट शिफ्टर, म्हणजे कमी अंतरात गिअर पडेल अशी दांडी, बसवायचा असं जवळजवळ ठरलं होतं. नाही बसवला ते फार बरं झालं, कारण त्याने दांडीचा प्रवास कमी होतो पण जोर जास्त लावावा लागतो, आणि खाली जो प्ले (ढिलेपणा) आहे तो तसाच राहतो.

तर आधी भावाला आत बसवलं, इंजिन बंद, आणि त्याला गिअर बदलत राहा म्हणालो. मी एअर फिल्टरचा डबा काढून टॉर्च मारून गिअरबॉक्सवर बघत बसलो. दांडीकडून येणारी केबल हलतेय, पण ती जिथे जोडलीय तो गिअरबॉक्सचा आर्म जागचा हलत नाही, मग एकदम टक् करून हलतो! केबलच्या टोकाला जो प्लॅस्टिकचा बुश असतो त्याचं गोल भोक झिजून लांबट झालं होतं, बोटाने दाबलं तर आर्मच्या बॉलवरून निघून हातात आला. एवढासा तुकडा, पण दांडीचा सगळा ढिलेपणा त्यातच होता. दोन्ही केबलचे बुश नवीन टाकले आणि डुलणं त्याच दिवशी गेलं.

सकाळचा त्रास मात्र राहिला, तो ऑइलचा. आधी एका ठिकाणी सर्व्हिसिंगला गिअरबॉक्समध्ये जीएल-५ प्रकारचं, ८०डब्ल्यू-९० जाडीचं ऑइल भरलं होतं, जुन्या बिलावर लिहिलेलं सापडलं, आणि माझ्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट आहे जीएल-४, ७५डब्ल्यू-८०. याचा मला खरंच राग आला. गिअर पडताना सिंक्रोची रिंग, बऱ्याच गाड्यांत ही पितळी असते, गिअरच्या कोनला (निमुळत्या भागाला) घासून दोघांचा स्पीड एक करते, म्हणजे तिथे घर्षण लागतंच. ऑइल गार आणि जाड असेल तर रिंगला ते पटकन बाजूला सारता येत नाही, मग गिअर अडतो. आणि जीएल-५ मूळचं डिफरन्शियलच्या (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाच्या) हायपॉइड गिअरसाठी, त्यात गंधक-फॉस्फरसवाले अॅडिटिव्ह जास्त, ते काही वेळा पितळेलाही खातात. काही गाड्यांना कंपनीच जीएल-५ सांगते, त्यांनी तेच टाकायचं, मॅन्युअल बघूनच.

स्वतः ऑइल बदलणार असाल तर कृपा करून आधी वरचा भरायचा बोल्ट सुटतोय का बघा, मगच खालचा काढा. वरचा जाम निघाला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावं लागेल. खालच्या बोल्टला मॅग्नेट असेल तर त्यावर राखाडी मऊ लेप असणारच, तो चालतो, तुकडे सापडले तर मात्र गिअरबॉक्स उघडायची वेळ आली. गाडी सपाट उभी करून वरच्या भोकातून ऑइल बाहेर यायला लागेपर्यंत भरायचं, बऱ्याचशा गाड्यांत लेव्हल तीच.

क्लचही तपासून घ्या, सोपं आहे. इंजिन चालू, न्यूट्रल, क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका, बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो. इतकं थांबूनही करकर झाली तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, हायड्रॉलिक असेल तर लाइनमध्ये हवा असू शकते, केबलचा असेल तर अॅडजस्टमेंट बघायची. माझा ठीक निघाला.

आणि चालवताना दांडीवर हात ठेवून बसायची सवय असेल तर सोडा, तो भार आत फोर्कवर, म्हणजे गिअर सरकवणाऱ्या काट्यावर जातो आणि तो ज्या फिरत्या कड्याला (स्लीव्ह) सरकवतो त्याला घासत राहतो. जड नॉब मला आवडला, वजनामुळे दांडी शेवटपर्यंत आपणहून गेल्यासारखी वाटते, पण तो सगळं झाल्यावर.

मॅन्युअलमधलं ऑइल टाकल्यापासून आता गार गाडीतही दुसरा गिअर दोन बोटांनी पडतो. अॅक्सिलरेटर झटकन सोडला की दांडी अजून पुढेमागे होते, ते इंजिन माउंटचं (इंजिन ज्यावर बसतं त्या रबरी आधाराचं) काम दिसतंय, पुढच्या महिन्यात तेच काढणार आहे.