क्रँक मिळाला, पण एक ट्रॅक्टर गेला

शेडमध्ये त्या दिवशी दोन इंजिनं खोलली होती. एक महिंद्राच्या बी-२७५चं, दुसरं एचएमटी झेटर २५११चं. दोन्ही ट्रॅक्टर जुने आणि दोन्ही अजून शेतात राबणारे. बी-२७५ इंची बोल्टांचा, झेटर मिलिमीटरचा, म्हणून पान्यांचे दोन डबे वेगळे ठेवतो. ९/१६च्या बोल्टाला १५चा पाना लावला की कोपरे झिजलेच. नव्या पोरांना हे सांगून सांगून थकलो.

बी-२७५चं काम दुपारीच मार्गी लागलं. कांदिवलीत १९६५ला सुरू झालेलं हे मॉडेल इतकं खपलं, की लायनर-पिस्टन, बेअरिंग आजही तालुक्याला मिळतात.

झेटर दोन सिलिंडरचा, २५ एचपी. चेक बनावटीचं हे मॉडेल एचएमटीने १९७१च्या सुमारास हरियाणातल्या पिंजोरला बनवायला घेतलं. लोखंड असं, की हात लावताच कळतं. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनातला दांडा, डिझेलने धुऊन कोरडा पुसला, खडू फासला. थोड्या वेळात जर्नलच्या, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाच्या, कोपऱ्यात पांढऱ्यावर केसाएवढी काळी रेघ उमटली. चीर; आत मुरलेलं डिझेल खडूवर आलं होतं. जर्नल जिथे वेबला, म्हणजे बाजूच्या जाड पट्टीला, मिळतो तिथली गोलाई, म्हणजे रेडियस, आधीच्या ग्राइंडिंगवाल्याने उडवून काटकोन पाडला होता. क्रँक मोडतो तो तिथूनच. ग्राइंडिंगचा दगड नीट ड्रेस करायला, म्हणजे घासून आकारात आणायला, कितीसा वेळ लागतो? पण तेवढा धीर कुणाला नाही, आणि गिऱ्हाईकही 'आज संध्याकाळी द्या' म्हणून मानगुटीवर बसतं.

पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ला झाला. नवा क्रँक कुठून आणायचा?

शेवटी शेजारच्या गावात बांधावर उभा असलेला दुसरा २५११ सापडला. मागची अवजारं उचलणारी लिफ्ट उचलत नाही, एवढीच त्याची तक्रार. इंजिन हातानेच फिरवून पाहिलं, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब, चांगलं लागलं. मालकाला म्हटलं, लिफ्ट करून देतो, वापरा. तो म्हणाला, भंगारवाल्याशी भाव ठरलाय, तुम्ही थोडे जास्त द्या न् घेऊन जा. घेतला. क्रँक मापात निघाला, आपला झेटर दोन दिवसांनी नांगराला गेला.

पण तो दुसराही दुरुस्त होण्याजोगा होता, हे मनातून जात नाही. झिजण्याआधी ट्रॅक्टर पार्टांवाचून मरतो, आणि मग मीच एक मोडून दुसरा जगवतो. उरलेलं हेड, पंप, गिअरबॉक्स ग्रीस लावून ठेवलंय. कुणाच्या बांधावर २५११ उभा असेल, तर भंगारवाल्याच्या आधी एखाद्या फिटरला दाखवा.