टिकाऊ शून्यं

मॅट्रिक्समध्ये, म्हणजे संख्यांच्या चौकोनी तक्त्यात, शून्य पाडायला फारशी अक्कल लागत नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला एका ओळीतून दुसरी वजा करत आपण सगळ्यांनीच भराभर शून्यं पाडलेली असतात. पण मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू, म्हणजे ज्या दिशांना ते न वळवता नुसतं ताणतं किंवा आखडतं त्या दिशांचे गुणक, काढायच्या असल्या की हा खेळ बंद. तिथे ओळींवर जे केलं त्याची भरपाई स्तंभांवरही करावी लागते, नाहीतर आयगेनव्हॅल्यूच बदलतात. आणि स्तंभांना हात लावला की आत्ताच मोठ्या कष्टाने पाडलेलं शून्य हसत हसत परत भरून येतं.

या शून्यांशी झटापट करणं हा माझा दुपारचा विरंगुळा आहे. चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर. लोक सुडोकू सोडवतात, मी सिमेट्रिक (कर्णाच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखं सारखंच असलेलं) मॅट्रिक्स तीन कर्णांवर आणतो. म्हणजे डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यात जाणारा मधला कर्ण, त्याला चिकटून वरचा एक आणि खालचा एक, बाकी सगळीकडे शून्य. ‘हे कम्प्युटर करतो ना?’ असं घरचे विचारतात. करतो. शब्दकोड्याचं उत्तरही दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येतंच की.

या झटापटीत पहिला मोठा माणूस जर्मन गणिती याकोबी. ग्रहांच्या कक्षा एकमेकांच्या ओढीने हळूहळू कशा बदलतात, याच्या हिशोबासाठी त्याने १८४६ साली एक रीत छापली. तेव्हा ग्रह सातच, म्हणून मॅट्रिक्स सात बाय सातचं. (त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नेपच्यून सापडला. बिचाऱ्याचं मॅट्रिक्स वर्ष सरायच्या आत एका ओळीने तोकडं पडलं.) सर्वांत मोठी बिनकर्णी संख्या शोधायची, दोनच अक्ष किंचित फिरवून तिचं शून्य करायचं, मग दुसरी. पहिलं शून्य तोवर बिघडलेलं असतं, पण पूर्वीपेक्षा लहान होऊन परत येतं. असं करत राहिलं की हळूहळू कर्णाबाहेर सगळं विरत जातं. रीत सुरेखच, पण तिला शेवट नाही. आपण थकलो की थांबायचं.

अमेरिकेत टेनेसी राज्यात ओक रिज म्हणून गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या युरेनियमसाठी वसवलेलं. तिथल्या प्रयोगशाळेच्या छापाखाली १९५४ साली वॉलेस गिव्हन्स याची रीत प्रसिद्ध झाली. फिरवणं याकोबीचंच, पण हाव कमी. पूर्ण कर्ण करायला जायचंच नाही, तीन कर्णांवर थांबायचं. एवढी तडजोड केली की पाडलेलं शून्य कायमचं शून्य राहतं. शंभर बाय शंभरच्या मॅट्रिक्सला ४८५१ वेळा फिरवावं लागतं, पण काम संपतं. त्याच प्रयोगशाळेतला आल्स्टन हाउसहोल्डर मूळचा तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. त्याने १९५८ साली चार पानांचा एक लेख लिहिला. त्यातला आरसा वापरला की तेच काम ९८ पायऱ्यांत होतं आणि गुणाकारही साधारण निम्मेच लागतात.

आरसा म्हणजे खरोखरच आरसा. पहिली ओळ २, ३, ४; दुसरी ३, १५, १; तिसरी ४, १, १ असं मॅट्रिक्स घ्या. पहिल्या स्तंभात कर्णाखाली ३ आणि ४ आहेत. हा एक बाण समजला तर त्याची लांबी ५. आता असा आरसा धरायचा की बाणाचं प्रतिबिंब अक्षावर नेमकं आडवं पडेल: उणे ५ आणि ०. आरसा ओळींवर एकदा आणि स्तंभांवर एकदा लावला की ओळी होतात २, −५, ०. −५, ७, ७. ०, ७, ९. कोपऱ्यातल्या चाराचं शून्य झालं. पूर्वी कर्णाची बेरीज २ अधिक १५ अधिक १ म्हणजे १८ होती, आताही २ अधिक ७ अधिक ९ म्हणजे १८च. नऊही संख्यांच्या वर्गांची बेरीज आधी २८२, नंतरही २८२. जमाखर्च पैशापर्यंत जुळतो. वहीत हे जुळलं की मला उगाच चहा घ्यावासा वाटतो.

उणे ५ का, अधिक ५ का नाही? गणिताच्या दृष्टीने दोन्ही चालतात. पण आरशाची दिशा ठरवताना बाणातून त्याचं प्रतिबिंब वजा करावं लागतं. बाण ३ आणि ०.०००१ असा असता तर त्याची लांबी तीनाहून केसभरच जास्त. तीनातून जवळजवळ तीनच वजा केले की सगळे भरवशाचे अंक एका फटक्यात उडतात, हातात उरतो कचरा. म्हणून चिन्ह नेहमी उलटं घ्यायचं, म्हणजे वजाबाकीची बेरीज होते. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट एका ओळीत उरकतात. माझ्या मते अख्ख्या रीतीतली सर्वांत शहाणी ओळ तीच.

शून्य टिकतं कसं, तर आरसा पहिल्या ओळीला शिवतच नाही. त्यामुळे उजवीकडून लावताना पहिल्या स्तंभालाही धक्का लागत नाही. हावरटपणा करून तिनाचंही शून्य करू म्हटलं तर पहिली ओळ आरशात ओढावी लागते, आणि मग परतीच्या वाटेवर सगळं पुन्हा भरून येतं. हा केवळ युक्तीचा तोकडेपणा नाही. पाचव्या आणि त्यापुढच्या घातांच्या समीकरणांना नेहमीच्या चार क्रिया आणि मुळं यांनी बनलेलं सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे नॉर्वेच्या आबेल या गणितीने १८२४ साली दाखवलं होतं. आयगेनव्हॅल्यू म्हणजे अशाच एका समीकरणाची उत्तरं, आणि एकटा कर्ण उरला की त्या त्यावर आयत्याच मिळतात. ठरावीक पायऱ्यांत एकटा कर्ण उरला असता तर आबेल खोटा ठरला असता. मोजक्या पायऱ्यांची हद्द या तीन कर्णांपाशी संपते.

पण काय हद्द आहे! हजार बाय हजारच्या सिमेट्रिक मॅट्रिक्समध्ये पाच लाख पाचशे वेगवेगळ्या संख्या असू शकतात. प्रत्येकाचा प्रत्येकाशी संबंध. तीन कर्णांवर आणलं की उरतात १९९९. आगगाडीच्या डब्यांसारखं होतं, ज्याचा त्याचा संबंध पुढच्या आणि मागच्या कपलिंगपुरता. आणि यात आयगेनव्हॅल्यूंबद्दलची कुठलीही माहिती गाळलेली नाही, हे मला अजूनही पूर्ण पचलेलं नाही.

लांझोश या गणितीने १९५० साली महाकाय मॅट्रिक्ससाठी हीच गाडी डबा डबा जोडत उभी करायची रीत काढली. तिच्यात एकच आयगेनव्हॅल्यू भुतासारखी दोन-तीनदा दर्शन देते. ते प्रकरण वहीत मावणारं नाही.

गाडी उभी राहिली की तिला प्रश्न विचारता येतात. आमच्या मॅट्रिक्सला विचारू, पाचाहून लहान आयगेनव्हॅल्यू किती? कर्णातून ५ वजा करत चालायचं, आणि दुसऱ्या डब्यापासून कपलिंगच्या संख्येचा वर्ग भागिले मागच्या डब्याचं उत्तर हेही वजा करायचं. जितक्यांदा उणे येईल तितक्या आयगेनव्हॅल्यू पाचाखाली. पहिला डबा २ वजा ५, उणे ३. दुसरा ७ वजा ५ म्हणजे २, त्यातून पंचवीस भागिले उणे ३ वजा, साधारण १०.३३. तिसरा ९ वजा ५ म्हणजे ४, त्यातून एकोणपन्नास भागिले १०.३३ वजा, साधारण उणे ०.७४. उणे दोनदा आलं, म्हणजे पाचाखाली दोन. चाराला विचारलं तर उणे एकदाच येतं. म्हणजे एक चार आणि पाचाच्या मध्ये दडलेली आहे. साडेचारला पुन्हा एकदाच, पावणेपाचला दोनदा. तर बाई साडेचार आणि पावणेपाचच्या मध्ये आहेत. पुढचा प्रश्न ४.६२५ ला विचारायचा, आणि पेन्सिलला टोक काढायचं.