सगळ्यांच्या वर श्री

आई मराठीची शिक्षिका. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण हातातलं लाल पेन काही सुटलेलं नाही. नौपाड्यातल्या घरी स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांनाही विरामचिन्हं असतात. 'पोहे (जाड)'. 'पोहे (पातळ, चिवड्याचे)'. आणि एका बरणीवर, खास बाबांसाठी, 'साखर नाही!' पोह्यांच्या चिठ्ठीत स्वल्पविराम असलेलं ठाण्यातलं हे एकमेव घर असावं.

तर या बाईच्या हातात आम्ही लॅपटॉप दिला.

फोटोंची फोल्डरं तिने स्वतः केली, कुणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्याच दिवशी फोन. "अरे, हे मला प्रश्नचिन्ह टाकू देत नाही." मामाच्या लग्नातल्या जवळजवळ प्रत्येक फोटोत एक गृहस्थ आहेत, पंगतीतही आहेत, वरातीतही आहेत, आणि ते कुणाकडचे हे दोन्ही घरांना माहीत नाही. त्या फोल्डरला तिला नाव द्यायचं होतं, 'हा कोण?' विंडोजला नावात नऊ चिन्हं चालत नाहीत. प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, दुहेरी अवतरणचिन्ह, फुलीसारखा तारा, दोन्हीकडे झुकलेल्या तिरक्या रेघा, उभी रेघ आणि गणितातली लहान-मोठीची दोन चिन्हं. ही मंडळी डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या, काळापासून नोकरीला लागलेली आहेत. अपूर्णविराम ड्राइव्हच्या अक्षरापुढे उभा असतो. उलटी तिरकी रेघ १९८३ च्या डॉस २.० पासून एका फोल्डरातून दुसऱ्यात जायचं दार सांभाळते. प्रश्नचिन्ह म्हणजे 'इथे कुठलंही एक अक्षर चालेल'.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे उद्गार काढलेला चालतो, प्रश्न विचारलेला चालत नाही," म्हणाली, आणि 'हा कोण!' असं नाव देऊन मोकळी झाली. पूर्णविरामावरून मात्र तिचं अजून बिनसलेलं आहे. नावाच्या शेवटी टिंब दिलं की विंडोज ते चकार शब्द न काढता गिळून टाकतं. गृहपाठात असं कुणी केलं असतं तर तिने वहीच परत केली असती.

बाबांच्या पंचाहत्तरीला फोटोंचं छापील पुस्तक करायचं ठरलं, तेव्हा एका रविवारी मी घोडबंदर रोडचे खड्डे आणि मेट्रोचे खांब पार करून नौपाड्यात पोचलो. पुस्तक जुळवायचा प्रोग्रॅम ताईने कधीकाळी विकत घेतलेला, जुना, पण आईच्या हातात बसलेला. फोल्डर निवडलं, इम्पोर्ट दाबलं. आलेले फोटो : शून्य.

आधी अर्थातच मी पेन ड्राइव्हवर संशय घेतला, मग फोटोंवर, मग अँटीव्हायरसवर. तासभर गेला. आईने चहा आणून ठेवला आणि "मी काही केलेलं नाही" असं दोनदा सांगून गेली. शेवटी मासुंदा तलावाचा एक फोटो उचलून इंग्रजी अक्षरांत 'टेस्ट' नाव दिलेल्या फोल्डरात टाकला. झटक्यात आला. तोच फोटो परत आईच्या फोल्डरात टाकला, तर नाही. म्हणजे फोटो निर्दोष, गुन्हा पत्त्याचा. फोटोचं नाव कॅमेऱ्याने दिलेलं, इंग्रजी अक्षरं आणि आकडे. पण त्याच्यापर्यंतची वाट मराठी फोल्डरांतून जाते आणि प्रोग्रॅमला अख्खी वाट वाचता यावी लागते. फ्लॅट नंबर अचूक असून काय उपयोग, कुरिअरवाल्याला गल्लीचं नाव लागत नसेल तर?

मग चूक सांगणाऱ्या संदेशाची ती बारीक खिडकी मी पहिल्यांदा नीट वाचली. पत्त्यात लिहिलं होतं : ?? ???? ??

दोन, चार, दोन. जरा वेळ लागला, मग ट्यूब पेटली. आईची सगळी फोल्डरं ज्या एका मोठ्या फोल्डराच्या पोटात आहेत त्याचं नाव आहे '।। श्री ।।'. वहीच्या पहिल्या पानावर असतं तसं.

विंडोजला हे नाव बिनदिक्कत चालतं. बंदी उभ्या रेघेला आहे. आपला दंड (।) दिसायला तिच्यासारखा असला तरी युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक खुणेला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या यादीत, तो वेगळा. अडचण त्या जुन्या प्रोग्रॅमची. तो युनिकोड न वापरता जुन्या कोड पेजच्या, म्हणजे एकेका भाषागटापुरत्या छोट्या यादीच्या, हिशेबाने नावं मागतो, आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी तसं कोड पेज कधी नव्हतंच. आपली लिपी थेट युनिकोडमधूनच आली. त्यामुळे प्रत्येक मराठी खुणेच्या जागी त्याच्या हातात एक प्रश्नचिन्ह पडतं. मग तो बिचारा '?? ???? ??' नावाचं फोल्डर शोधत बसतो, जे विंडोजमध्ये असूच शकत नाही, कारण प्रश्नचिन्हाला बंदी. आईला एक मिळालं नव्हतं, याला आठ मिळाली.

"पण श्री हे एकच अक्षर ना? चार कशी?" आईने चष्मा वर सरकवत विचारलं.

"श, हलन्ताची खूण, र आणि दीर्घ वेलांटी."

ती खूश झाली. "फोड तरी बरोबर केली आहे!"

उपाय सोपा होता. वरचं नाव इंग्रजी अक्षरांत करायचं. पण आई अडून बसली. "सगळ्यांच्या वर श्री नको?" आणि इंग्रजीत लिहायचं तर शेवटी आय की दोन ई? आमच्या जुन्या कागदपत्रांत ठाण्याच्या स्पेलिंगच्या शेवटी ए आहे, नव्यांत ई, तेव्हा या वादात पडण्यात अर्थ नव्हता. शेवटी तडजोड झाली : मूळ फोल्डरं आहेत तशी राहतील, छपाईपुरती एक नक्कल करायची आणि तिच्यातल्या फोल्डरांना फक्त क्रमांक द्यायचे. तेही इंग्रजी अंकांत, कारण २०१९ मधले चारही अंक त्या प्रोग्रॅमच्या लेखी प्रश्नचिन्हंच.

नक्कल करताना आणखी एक भानगड सापडली. 'कोकण दौऱ्याचे फोटो' या नावाची दोन फोल्डरं, एकाच ठिकाणी, शेजारीशेजारी. एका नावाची दोन कशी राहतील? दोन्ही नावं अक्षरश: फोडून पाहिली. एकातला 'ऱ्या' नुक्त्याच्या 'ऱ'पासून बनवलेला, दुसऱ्यातला 'र्‍या' साध्या 'र'ला हलन्त लावून त्यामागे एक अदृश्य जोडखूण ठेवून. एक फोनवर टाइप केलेलं, एक लॅपटॉपवर. डोळ्यांना जुळी, विंडोजला परकी. शोध घेतला की नेहमी अर्धंच कोकण का सापडायचं, ते त्या दिवशी कळलं. आईने दोन्ही नावं स्क्रीनला नाक लावून पाहिली आणि शुद्धलेखनाची चूक एकातही नसल्याचा निर्वाळा दिला.

दुपारी तीनच्या सुमाराला सगळे फोटो आत आले. कौपिनेश्वराच्या स्वागतयात्रेतली नऊवारीतली आई, उपवनच्या काठावर टोपी उडालेले बाबा, आणि ते गृहस्थ, पंगतीत, जिलबीकडे बघत.

आता एक ते चौतीस क्रमांकांत काय काय आहे हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं. मी एक्सेल उघडेपर्यंत आईने कपाटातून शंभर पानी वही काढली होती. वर मधोमध '।। श्री ।।', खाली पट्टीने आखलेले दोन रकाने. माझं जेवण होईस्तोवर यादी तयार. सातव्या क्रमांकासमोर लाल पेनने लिहिलं होतं, 'हा कोण?', आणि त्यापुढे कंसात, 'मामीला विचारणे.'