नावाच्या जागी सही

२०१८ च्या जूनमध्ये मी पेरणीसाठी लातूरकडं, औशाजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. मृग लागला होता, पण पावसाचा पत्ता नव्हता. अण्णा वावराकडं बघत बसलेले आणि मी ओसरीवर लॅपटॉप घेऊन कपाळाला हात लावलेला. "काय करायलास?" त्यांनी विचारलं.

भानगड अशी. माझ्या कामाच्या ठिकाणी शाखांकडून रोज रात्री एन्क्रिप्ट केलेल्या, डिजिटल सही असलेल्या फायली यायच्या. सही खरी निघाली तरच माझी पायथनची स्क्रिप्ट त्या आत घ्यायची. सही तपासायचं काम जीएनयूपीजीचं, म्हणजे एन्क्रिप्शन आणि सह्यांच्या मोफत प्रोग्रॅमचं. ८ जूनला त्याची २.२.८ आवृत्ती आली आणि काही दिवसांत तिच्यात दुरुस्त केलेल्या, मार्कुस ब्रिंकमन यांनी शोधलेल्या दोषाचे तपशीलही आले. नाव सिगस्पूफ, सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीतला क्रमांक सीव्हीई-२०१८-१२०२०. आदल्याच महिन्यात एन्क्रिप्ट केलेले ईमेल फोडणाऱ्या ईफेल या दोषाचा गाजावाजा झाला होता. तो वेबपानासारखे (एचटीएमएल) ईमेल दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा घोळ, माझ्या सर्व्हरवर तसं काही उघडायला आहेच कोण, म्हणून मी निवांत होतो. हा मात्र थेट माझ्या दारात आला.

अण्णांनी लातूरच्या मोंढ्यात एका अडतीवर मुनीमकी केलेली. म्हणून त्यांना असं सांगितलं: "समजा तुम्ही काट्यापाशी उभे. आत दिवाणजी वही घेऊन बसलेत, त्यांना तुमचा नुसता आवाज ऐकू येतो. तुम्ही आधी पोत्यावरच्या चिठ्ठीतलं नाव वाचता, मग माल बघून 'माल पास' म्हणता. आता एकानं चिठ्ठीवर नावच लिहिलं, 'गणपत. माल पास'."

अण्णा हसले. "मी वाचलं नसतं तसं."

पण जीएनयूपीजी वाचत होतं. एन्क्रिप्ट केलेल्या संदेशात मूळ फायलीचं नाव असतं, आणि ते पाठवणारा हवं तसं लिहू शकतो. व्हर्बोज, म्हणजे जास्त तपशील छापायचा पर्याय चालू असला की जीएनयूपीजी ते नाव पडद्यावर छापतं. नावात मध्येच नवी ओळ घालून पुढं 'गुडसिग' आणि हव्या त्या माणसाचं नाव लिहिलं, तर ती ओळ हुबेहूब जीएनयूपीजीनंच 'सही खरी आहे' म्हटल्यासारखी दिसते. सहीची किल्ली चोरावी लागत नाही, किंबहुना सहीच लागत नाही. फाईल एन्क्रिप्ट करायला लागणारी आमची सार्वजनिक किल्ली तर कुणालाही मिळण्यासारखी होती. दोष १९९८ पासूनचा.

हे घडायला दोन चुका जुळाव्या लागतात आणि माझ्याकडं दोन्ही होत्या. कुठल्याशा मार्गदर्शिकेतून उचललेली 'व्हर्बोज' ही ओळ जीएनयूपीजीच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फायलीत, बरीच वर्षं पडून होती. आणि स्क्रिप्टमध्ये मी 'स्टेटस-एफडी २' लिहिलं होतं, म्हणजे निकाल आणि इतर बडबड एकाच नळातून. दोन मिनिटं वाचवायला केलेलं.

खात्री करायला फायलीचं नाव हवं ते टाकायचा 'सेट-फाइलनेम' पर्याय वापरून स्वतःच एक खोटी फाईल बनवली. सही कुणाचीच नाही. स्क्रिप्टनं ती गुमान आत घेतली. उन्हातही अंगावर काटा आला.

"मग चिठ्ठीचं एक दार कर अन् पासचं दुसरं," अण्णा म्हणाले आणि बैलांकडं गेले. उपाय नेमका हाच. निकालासाठी वेगळा पाइप, कॉन्फिगमधून 'व्हर्बोज' हद्दपार, आणि नवी आवृत्ती. नव्या आवृत्तीत फाईलनावातली नवी ओळ तशीच न छापता साध्या अक्षरांत दाखवली जाते.

रात्री मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सगळं बदललं. मग हाताशी होते तेवढे जुने लॉग चाळले, कुणी आधीच डाव साधला का ते बघायला. संशयास्पद नाव एकच सापडलं, एका शाखेचं: 'फायनल फायनल आता खरंच फायनल'. त्याची सही मात्र खरी होती.