आज फक्त फाइली आवरल्या

आज आयटी पार्कच्या ऑफिसात नवीन स्क्रीनचं डिझाइन एकही झालं नाही. दिवसभर आम्ही टीमची फिग्मा (स्क्रीनची डिझाइनं करायचं सॉफ्टवेअर) फाइल आवरत होतो, आणि या कामाला वेळ दिलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

एकाच पानावर सगळं पडलेलं. मंजूर डिझाइन, अर्धवट प्रयोग, क्लायंटनं नाकारलेलं. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरं'. लेयरची, म्हणजे डिझाइनमधल्या एकेका तुकड्याची, नावं 'फ्रेम ४२७', 'रेक्टँगल १२'. डेव्हलपर पोरगी बिचारी विचारून राहिली होती, "दादा, यातलं घेऊ कोणतं?" तिला हे विचारावंच लागू नये.

आता पानं वेगळी केली: चालू काम, डेव्हलपरसाठी तयार, जुनं. काहीच डिलीट केलं नाही.

खरा वेळ खाल्ला बटणांनी. मूळ कंपोनंटचा, म्हणजे ज्याच्या प्रती सगळीकडे वापरतो त्या नमुन्याचा, रंग बदलला की त्याच्या सगळ्या प्रती बदलतात, पण कुणी प्रत डिटॅच केली, म्हणजे मूळापासून तोडली असेल तर ती जुन्याच रंगात राहते. अशी बटणं एकेक शोधून पुन्हा जोडली. नावंही 'बटण/मोठं/मुख्य' अशी तिरपी रेघ देऊन ठेवली, म्हणजे गट आपोआप पडतात.

आणि मित्रांनो, 'फायनल'च्या प्रती बनवत बसण्यापेक्षा व्हर्जन हिस्टरीत (फाइलच्या जुन्या टप्प्यांच्या नोंदीत) त्या टप्प्याला नाव द्या. कुणी, कधी बदललं ते तिथेच दिसतं.

संध्याकाळी त्या डेव्हलपर पोरीनं काहीही न विचारता लॉगिनची स्क्रीन उचलली. फार बरं वाटलं. उद्या आयकॉनची फाइल घ्यायची आहे.