हात चालतो, मग गणपती का नाही?

कुडाळला माझ्या घरी येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा काचेच्या कपाटासमोर थबकतो, आतले अंगठ्याएवढे सुपरहिरो न्याहाळतो आणि चहा होईपर्यंत तोच एक प्रश्न विचारतो: हात एवढा चालतो, तर गणपतीच्या शाळेत का बसत नाही? प्रश्नात कौतुक असते, हे मला कळते. पण त्या कौतुकाच्या पोटात एक निकालही असतो, की ज्या हाताने देव रंगवता आला असता तो हात मी परदेशी बाहुल्यांवर वाया घालवतो आहे. चुलत्यांची शाळा, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवण्या-रंगवण्याची जागा, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे तर मला सुटकाच नाही. आजवर मी ‘वेळ कुठे मिळतो’ म्हणून विषय बदलत आलो. वेळ मिळतो हे विचारणाऱ्यालाही दिसते, कारण कपाट भरत चालले आहे.

या बाहुल्या हिरोक्लिक्स नावाच्या खेळातल्या आहेत. अमेरिकेतल्या विझकिड्स कंपनीने 2002 साली मार्व्हलची पात्रे घेऊन तो बाजारात आणला. प्रत्येक बाहुलीच्या बैठकीत एक फिरती तबकडी असते. मार बसला की ती क्लिक करून पुढे सरकवायची, म्हणजे खाचेत दिसणारे वेग, हल्ला, बचाव आणि इजा यांचे आकडे बदलतात. पाकिटात कोण निघेल ते आधी कळत नाही, त्यामुळे घेणाऱ्याकडे तेच ते दुय्यम गुंड साठत जातात. बोटीवर नोकरीला असलेल्या माझ्या मावसभावाने खेळून कंटाळल्यावर असलाच सगळा गाळ बिस्किटांच्या डब्यात भरून मला आणून दिला. इथे माझ्याशी खेळणारे कोणी नव्हते, म्हणून मी रंगवायला बसलो.

रंगवून आलेले पुन्हा का रंगवता, असे विचारणाऱ्यांना मी पूर्वी कारखान्याचे दोष दाखवत असे. पट्ट्याचा पिवळा मांडीवर उतरलेला असे, आणि दोन डोळ्यांच्या जागी कधी कधी एकच पांढरा फराटा असे. दोष खरे होते, पण नंतर हाती आलेल्यांपैकी बऱ्याच बाहुल्या नीट रंगवलेल्या होत्या आणि त्यांनाही मी हात लावलाच. तेव्हा ते उत्तर मी स्वतःचीच समजूत घालण्यासाठी तयार केले होते, असे आता म्हणावे लागते. एका गुंडाचे डोके कापून दुसऱ्याच्या धडावर बसवता येते, पिन व्हाइसने, म्हणजे हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने, मानेत भोक पाडून पेपरक्लिपची तार आत घालता येते, एम-सीलचा पातळ पापुद्रा लाटून नवा झगा पांघरता येतो, आणि हे सगळे फसले तरी कोणाचेही काही बिघडत नाही. ‘निदान शिवाजी महाराज तरी करा’ असे सुचवणाऱ्यांना मी हात जोडतो. ज्यांच्या मानेला सुरी लावण्याची कल्पनाही करवत नाही, त्यांच्यावर हा छंद चालत नाही.

आणि हा छंद कोकणात करायचा म्हणजे चार महिने हवेशी भांडण असते. आषाढात स्प्रेचा प्रायमर मारला की त्यावर दुधाळ, खरखरीत थर येतो, आणि मॅट वार्निशचेही तेच होते. शिवाय या बाहुल्यांचे पीव्हीसी इतके मऊ असते की काही स्प्रे त्यावर कधीच पुरते सुकत नाहीत. महिन्यानंतरही बोट चिकटते. त्यामुळे मी प्रायमर ब्रशनेच लावतो. आधी भांड्यांच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने बाहुली घासतो, वाकडा झालेला भाला गरम पाण्यात धरून सरळ करतो आणि लगेच गार पाण्यात बुडवतो. रंग ओला राहावा म्हणून डब्याच्या झाकणात ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर ठेवतो. पावसाळ्यात रंग सुकत नाही, पण चार दिवसांत स्पंजाला बुरशी येते. ‘त्रिशून्य’ नंबरचा, म्हणजे अगदी बारीक, ब्रश लागत असेल, असे लोकांना वाटते. तो इतका थोडा रंग धरतो की टोकावरच सुकतो. चांगले टोक असलेला एक नंबरचा ब्रश पुरतो. अर्थात हे ऐकायला पाहुणे थांबत नाहीत.

आता त्या वर्षाबद्दल, कारण खरे उत्तर तिथेच आहे.

काकांचा हात थरथरू लागल्याचे आम्हा सर्वांना दिसत होते. त्यांच्यासमोर बोलत कोणी नव्हते. रंगकाम मुलांनी आणि गड्यांनी उरकले होते, पण डोळ्यांची आखणी काकांशिवाय कोणी केली नव्हती. हरतालिकेला लोक गणपती न्यायला येणार आणि आदल्या संध्याकाळी शाळेत रांगेने बसलेल्या मूर्तींना डोळेच नव्हते. माझ्या बाहुल्यांना आयुष्यभर ‘पोरखेळ’ म्हणत आलेल्या काकांनी मला बोलावले, शेजारी बसवले आणि काही न बोलता ब्रश माझ्यापुढे धरला. मी रात्रभर बसलो. ज्या हाताने पाच मिलिमीटरच्या चेहऱ्यावर बुबुळ काढायची सवय आहे, त्या हाताला एवढा मोठा डोळा म्हणजे अंगणच वाटत होते. रेषा स्वच्छ आल्या, दोन्ही डोळे एका पातळीत आले, नजर समोर बसली. आजही मी असेच म्हणेन की त्या रात्रीची आखणी काकांच्या शेवटच्या काही वर्षांच्या आखणीपेक्षा सरस होती, आणि हे म्हणताना मला संकोच वाटत नाही.

सकाळी लोक येऊ लागले. वाडीतल्या एका जुन्या घरची आजी नातवाला घेऊन आली. मूर्ती ज्यावर बसवायची तो त्यांचा पाट पिढ्यान् पिढ्या काकांकडेच येतो. ती मूर्तीसमोर उभी राहिली, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “हो आमचो गणपती वाटणा नाय.” कोणी आखले, हे तिला कोणी सांगितले नव्हते. काका म्हणाले, पोराने छान केले आहे, बघा जरा. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. “काकानू, डोळे तेवढे तुमीच काढा,” एवढेच ती म्हणाली. रागाने नव्हे, मीठ कमी आहे हे सांगावे, इतक्या सहज.

काकांनी चेहऱ्याच्या रंगाने माझे डोळे झाकले. पंख्यासमोर मूर्ती सुकेपर्यंत कोणी काही बोलले नाही. मग डाव्या हाताने उजवे मनगट घट्ट धरून त्यांनी आखणी केली. उजवा डोळा किंचित वर गेला, पापणीची रेषा मध्येच जाड झाली. आजीने हात जोडले, नातवाने पाट डोक्यावर घेतला आणि ती दोघे गेली. इतर घरांनी माझ्या डोळ्यांचे गणपती काही न बोलता नेले, हेही इथे नोंदवले पाहिजे. पण त्यांतली किती घरे केवळ भिडेखातर गप्प राहिली, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

तेव्हा मी घरी येऊन तावातावाने बोललो होतो, की म्हातारीला चांगले-वाईट कळत नाही, तिला फक्त सवय कळते. त्या वेळच्या माझ्याशी आज मी निम्माच सहमत आहे. सवय कळणे ही लहान गोष्ट नाही. त्या घरात दीड दिवस, पाच दिवस ज्या नजरेसमोर आरती होते ती नजर कशी हवी, हे ठरवण्याचा अधिकार तिचाच होता. पण मग माझ्या रेषेचे काय, याचे उत्तर मला त्या विचारातून मिळत नाही. आणि आजी चुकली असे मी मानत नाही, तर मग तिचे बोलणे मला अजून का बोचते, हेही सांगता येत नाही.

नंतर एका हल्कला मी राखाडी रंगवले. 1962 साली कॉमिकच्या पहिल्या अंकात हल्क राखाडीच होता. छपाईत तो राखाडी रंग एकसारखा येईना, म्हणून पुढच्या अंकापासून तो हिरवा झाला. मावसभावाने सुट्टीत येऊन तो पाहिला आणि तो सरळ म्हणाला, हा हल्क वाटत नाही. मी हसलो, मूर्ती कपाटात परत ठेवली आणि जेवायला बसलो. तेच वाक्य, पण इथे ते मला बोचले नाही, कारण त्या हल्कला घरी नेऊन कोणी पुजणार नव्हते. माझे डोळे कोणी झाकणार नाही अशी जागा मला हवी होती, असे कोणी म्हटले तर मी नाकारणार नाही. त्याला पळपुटेपणा म्हणणाऱ्यांनी आधी एक रात्र शाळेत बसून पाहावे.

कामाच्या क्रमातही फरक आहे. गणपतीचे डोळे सर्वांत शेवटी, सगळा रंग झाल्यावर. बाहुलीचे मी सर्वांत आधी करतो: खोबणीत गडद तपकिरी, त्यावर मळकट पांढऱ्याची आडवी रेघ, कारण शुभ्र पांढऱ्याने चेहरा दचकल्यासारखा दिसतो, आणि बुबुळासाठी ठिपका न देता एक उभी रेघ. बाहेर गेलेला रंग नंतर त्वचेच्या रंगाने छाटायचा. बिघडले तर पुन्हा तपकिरीपासून सुरुवात. एका गुंडाचा चेहरा मी इतक्या वेळा झाकला आहे की त्याच्या नाकाचा उठाव रंगाखाली बुजला. तिथे थांबायचे कधी, हे मीच ठरवतो.

शाळा आता काकांचा मुलगा चालवतो. यंदा पाट येऊ लागल्यावर त्याने पुन्हा विचारले. पितांबराची किनार आणि दागिने करून देतो, असे मी त्याला सांगितले आहे. आखणीबद्दल त्यानेही विचारले नाही आणि मीही विषय काढला नाही.