सस्पेन्शनचं पूर्ण किट की सुटे पार्ट: पुढची बाजू उघडली तेव्हाचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग कारणं. स्ट्रटच्या (पुढच्या चाकावरचा शॉकअप आणि स्प्रिंगचा उभा खांब) आतला माल एकाच कंपनीचा, एकत्र घ्यावा. खालचे सांधे मात्र जेवढे गेलेत तेवढेच, सुटे घ्यावेत. मी सुरुवात बरोबर उलटी केली होती. सांध्यांचं किट बघून ठेवलं होतं आणि स्ट्रटचे पार्ट जिथे बरे मिळतील तिथून गोळा करत होतो.

गाडी नेहमीच्या रचनेची: पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा बीम). अशा गाडीसाठी ‘किट’ या एकाच नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे तयार स्ट्रट. शॉकअप, स्प्रिंग, माउंटिंग, बेअरिंग सगळं जोडूनच येतं, फक्त बोल्ट लावायचे. दुसरं सांध्यांचं किट. मी पाहिलेल्यात १० नग होते: २ लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे), २ लिंक रॉड (वळणात गाडीचा कल आवरणाऱ्या बारला जोडलेल्या छोट्या दांड्या), २ टाय रॉड एंड आणि २ रॅक एंड (स्टिअरिंगच्या दांडीचे बाहेरचे आणि आतले सांधे) आणि स्टिअरिंग रॅकचे २ रबरी बूट. गाडी खाली बसवण्यासाठी मिळतं ते तिसरं किट, त्याचा इथे संबंध नाही.

ऑर्डरच्या आधी चाक उचलून तपासणी. घोडी (जॅक स्टँड) लावल्याशिवाय खाली हात घालू नये, हे सांगायला नकोच. चाक १२ आणि ६ च्या जागी धरून हलवलं आणि खेळ जाणवला, तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर हबचं (चाक ज्यावर बसतं त्याचं) बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोळ्याचा सांधा). ३ आणि ९ च्या जागी खेळ असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. आर्मच्या बुशसाठी (सांध्यातल्या रबरी नळीसाठी) पहार घालून हलकं उचकायचं, रबर फाटलेलं असेल तर चीर उघडते. माउंटिंगच्या बेअरिंगची खूण वेगळी आहे. गाडी जमिनीवर ठेवायची, कॉइल स्प्रिंगवर तळहात टेकवायचा आणि दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवू द्यायचं. बेअरिंग चांगलं असेल तर स्प्रिंग हाताखाली सावकाश फिरते. अडकलेलं असेल तर आधी पीळ धरते आणि मग ‘टण्’ करून एकदम सुटते.

माझ्याकडे निघालं ते असं: दोन्ही शॉकअप तेलाने ओले, एका बाजूचं बेअरिंग अडकलेलं, एका आर्मचं मागचं बुश फाटलेलं, दोन्ही लिंक रॉड ढिले. टाय रॉड एंड आणि रॅक एंड ठणठणीत. शॉकअपच्या नळीवर तेलाचा पातळ थर, त्यावर धूळ, एवढ्याने शॉकअप गेला असं होत नाही. तेल ओघळून खालच्या स्प्रिंग सीटपर्यंत आलं की तो गेला.

आता हिशेब केला. १० नगांच्या किटमधले मला हवे होते ३. आर्म जोडीने बदलले तरी ४ च. उरलेले ६ नग घरात पडले की ‘आलेच आहेत तर लावून टाकू’ असं वाटतंच, आणि तिथे नुकसान होतं. गाडीसोबत आलेला, अजून घट्ट असलेला टाय रॉड एंड काढून त्याजागी कसा निघेल ते माहीत नसलेला घालायचा. वर त्यामुळे टोची (चाकं समोरून किती आत-बाहेर वळलेली त्याची) सेटिंगही हलते. बदलावाच लागला तर आटे मोजून उपयोग नाही, कारण दुसऱ्या कंपनीच्या पार्टची लांबी वेगळी असू शकते. बॉलच्या मध्यापासून रॉडवरच्या एका पक्क्या खुणेपर्यंतचं अंतर मोजून ठेवायचं.

स्ट्रटची यादी कागदावर उतरवली तेव्हा डोळे उघडले. जुनी स्प्रिंग वापरायची धरली तरी एका बाजूला शॉकअप, माउंटिंग, बेअरिंग, स्प्रिंगचं वरचं रबर, खालचं रबर, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दाबला की धक्का झेलणारा ठोकळा), डस्ट कव्हर आणि रॉडचा नट हे ८ नग. शिवाय नकलचे (हब धरणाऱ्या, स्ट्रटला जोडलेल्या भागाचे) २ बोल्ट, २ नट. दोन्ही बाजू मिळून २४. त्यातला एक चुकला तरी उघडलेली गाडी घोडीवर तशीच राहते.

आणि चुकतं ते मापात. शॉकअपच्या रॉडला वर एक पायरी असते, माउंटिंगची आतली बाही (धातूची नळी) त्या पायरीवर टेकते. माउंटिंग दुसऱ्या कंपनीचं घेतलं आणि त्याचं भोक किंचित मोठं निघालं, तर नट कितीही आवळा, खड्ड्यात ‘टक’ वाजणारच. माझ्या हाती आलेल्या एका माउंटिंगचं तसंच झालं, ते परत केलं. बंप स्टॉपचंही तेच. २२ मिमीच्या रॉडसाठीचा बंप स्टॉप २० मिमीच्या रॉडवर घातला तर तो वर धरून राहत नाही, घसरून खाली येतो. म्हणून शेवटी शॉकअप, माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर एकाच कंपनीच्या संचात घेतले. रबरं आणि नट-बोल्ट चेसिस नंबरावरून पार्ट नंबर काढून मूळ कंपनीचे. सेल्फ-लॉकिंग नट एकदाच वापरायचा असतो, आणि किटमध्ये तो बहुतेक वेळा नसतोच. ऑर्डर करताना खोक्यात काय नाही ते आधी वाचावं.

मग तयार स्ट्रटच का नाही घेतला? स्प्रिंगमुळे. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीचं पुढचं वजन वेगळं, त्यामुळे स्प्रिंगही वेगळी असते. मूळ स्प्रिंगवर रंगाचे पट्टे असतात, ते त्यासाठीच. तयार स्ट्रट मात्र कधीकधी एकाच पार्ट नंबरात अनेक प्रकार उरकतो आणि गाडी नाक वर करून उभी राहते. स्प्रिंग तुटलेली, गंजलेली किंवा एका बाजूने बसलेली नसेल तर जुनीच ठेवावी. ती बघायला हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना मोजलं आणि आकडे लिहून ठेवले. ते आकडे पुढे आणखी एका कामाला आले. स्प्रिंग कॉम्प्रेसर नसेल किंवा वापरायची सवय नसेल, तर मात्र आपल्या गाडीचा नेमका प्रकार बघून तयार स्ट्रटच घ्यावा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो.

कॉम्प्रेसरचे दोन हुक समोरासमोर लावायचे आणि आळीपाळीने थोडे थोडे फिरवायचे. स्प्रिंग सीटवर सैल हलायला लागेपर्यंत वरच्या नटाला पाना लावायचा नाही. रॉड फिरू नये म्हणून वरून ॲलन की आणि नटाला वाकडा रिंग पाना. इथे हवेची गन नको, आणि रॉड पक्कडीने धरणं तर मुळीच नको. चकचकीत रॉडवर ओरखडा पडला की तोच सील कापतो आणि नवा शॉकअप गळायला लागतो. आडवा ठेवलेला नवा शॉकअप आधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडायचा, म्हणजे आतली हवा वर जाते. जोडताना स्प्रिंगचं खालचं टोक सीटमधल्या खाचेच्या अडवणीला टेकलेलं हवं. ते वर चढून बसलं तर वळताना आवाज येतो.

स्ट्रट नकलपासून सोडवण्याआधी दोन्हींवर खूण करायची. बोल्टच्या भोकात थोडी जागा असते, तेवढ्याने कॅम्बर (चाकाचा उभा कल) बदलतो. ब्रेकचा कॅलिपर काढला तर तारेने टांगायचा, ब्रेकच्या होजवर लोंबकळत सोडायचा नाही. नकल बाहेर पडू द्यायचं नाही, चाक फिरवणाऱ्या ॲक्सलचा आतला सांधा (सीव्ही जॉइंट) ओढला जातो.

खरी गंमत लोअर आर्मची. बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या बाहीला चिकटवलेलं असतं, बोल्ट आवळला की आतली बाही तिथेच जखडते. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ‘किट घातलं, वर्षभरात बुश गेलं’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हे असतं, किटचा दोष नसतो. म्हणून बोल्ट आधी फक्त हाताने लावले. मग बॉल जॉइंटच्या खाली जॅक देऊन, हब ते मडगार्ड अंतर लिहून ठेवलेल्या आकड्याला आलं तेव्हा टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरापर्यंत आवळणाऱ्या) आवळले. टॉर्कचा आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्यायचा, अंदाज चालत नाही.

आर्म सुटा घेताना बॉल जॉइंट आर्ममध्येच दाबलेला आहे की बोल्टने लावलेला, ते पाहावं. नुसता जॉइंट गेला असेल तर दुसऱ्या प्रकारात आर्मला हात लावावा लागत नाही. काही गाड्यांत मूळ जॉइंट रिवेटने लावलेला असतो, रिवेट ड्रिलने काढून नव्यासोबत आलेले बोल्ट घालतात. रबर दुकानात पडून जुनं झालेलं नाही ना, ते नखाने दाबून आणि बूट ताणून बघावं. घडीत बारीक भेगा असतील तर परत. लिंक रॉड घेताना बॉल ते बॉल लांबी आणि आट्यांचं माप, दोन्ही जुळवावं. एम१० आणि एम१२ एकमेकांच्या शेजारीच टांगलेले असतात. आवळताना दोन्ही चाकं सारख्या उंचीवर.

मागचे शॉकअप सुटेच घेतले. त्यात ठरवण्यासारखं काही नाही: २ शॉकअप, जोडीने, बुश बसवलेलेच आले.

खुणा जुळवल्या तरी अलाइनमेंट करावंच लागलं, कॅम्बर हलला की टो हलतो. जुन्या स्प्रिंग ठेवल्यामुळे ते लगेच करता आलं. नव्या स्प्रिंग घातल्या असत्या तर गाडी थोडी चालून बसल्यावर केलं असतं.

दोनेकशे किलोमीटरनंतर सगळ्या बोल्टवर पुन्हा टॉर्क पाना फिरवला. नकलचे आणि आर्मचे जागच्या जागी होते, एका लिंक रॉडचा नट पाव फेरा फिरला. छोट्या खड्ड्यांत डावीकडून येणारी बारीक खडखड त्यानंतर बंद झाली.